उरल्यासुरल्यांचा विषय

अगं, काल तू फोन ठेवलास आणि मला मेली झोपच लागेना. "ताई, मी आता तीन वर्षं गांडुळं आणि झुरळं पाठ करत बसू का?" म्हणालीस, आणि मग नुसता नाक ओढल्याचा आवाज. बाबा बाजूच्या खोलीत, म्हणून उशीत तोंड खुपसून रडत होतीस ना? त्याच पलंगावर, बहुतेक त्याच उशीत, अकरा वर्षांपूर्वी मीही हेच केलंय. आईला अजून माहीत नाही. तेव्हा हे तुझ्यामाझ्यात ठेव.

आणि आता सांगते ते तर कुणालाच माहीत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या ह्याच पेपरात मी नापास झाले होते. घरी सांगितलं, तब्येत बरी नव्हती, पुन्हा देते. तब्येत ठणठणीत होती गं! गाइडमधला तक्ता घोकून गेले होते, आडवे दहा संघ आणि उभी बारा लक्षणं. पेपरात तक्ता आलाच नाही. आला तो साधा प्रश्न: गांडूळ उन्हात टाकलं तर का मरतं? मी अडीच पानं लिहिली. वलयं लिहिली, मज्जारज्जू लिहिला, पाच रेघांची सुबक आकृती काढली. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते ओल्या कातडीनं श्वास घेतं, कातडी सुकली की गुदमरतं, एवढंच लिहायचं राहिलं. मला माहीत होतं ते. पण ते तक्त्यात श्वसनाच्या चौकटीत होतं आणि प्रश्न उन्हाचा होता.

मेडिकल हुकलं म्हणून हा उरलासुरला विषय पदरी पडला, असं तुला वाटतंय. वाटू दे. पण हा विषय पहिल्यापासूनच उरल्यासुरल्यांचा आहे हे तुला कुणी सांगितलंय का? १७९३ साली, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या राजउद्यानाचं नवं निसर्ग संग्रहालय झालं आणि प्राध्यापकांच्या जागा वाटल्या गेल्या. लामार्क तेव्हा पन्नाशीला आलेला, सारा जन्म झाडांपानांत गेलेला. त्याच्या वाट्याला आली 'कीटक आणि कृमी' ही खुर्ची. लिनियसनं कणा नसलेले सगळे जीव ह्या दोनच पोत्यांत कोंबून ठेवले होते. लामार्कनं ती पोती उलटी केली. कोळी-विंचू कीटकांतून बाजूला काढले, खेकडे-झिंगे वेगळे केले, गांडुळं-जळवांचा वेगळा ढीग लावला. आज तुझ्या पुस्तकावर छापलेला 'इन्व्हर्टिब्रेट' हा शब्द त्याचाच.

शब्द त्यानं दिला, पण मला तो मनापासून आवडत नाही हेही सांगून टाकते. इन्व्हर्टिब्रेट, आपल्या भाषेत अपृष्ठवंशीय, म्हणजे काय, तर ज्याला पाठीचा कणा नाही तो. जो नागपूरचा नाही तो, असा गट केला तर त्यात अमरावतीचा संत्रेवालाही येईल आणि टोकियोचा शिक्षकही. तसंच हे. जगातल्या माहीत असलेल्या प्राण्यांपैकी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त ह्या एका नकारात बसवलेत. परवा मोठीआई तुला पाहुण्यांसमोर "ही आमची मेडिकलला न लागलेली" म्हणाली ना, तो वर्गीकरणाचा हाच प्रकार.

बरं, आता अभ्यासाचं. तक्ता फाडू नकोस, पण महिनाभर उघडू नकोस. समोर येईल त्या जीवाला तीन गोष्टी विचार. बाई गं, तुला दारं किती? तुला डावं-उजवं आहे का? आणि तुझं शरीर एकसलग आहे की जोडजोडाचं? मी पुढच्या खेपेला ह्या तीन प्रश्नांवर पास झाले. मार्क सांगत नाही.

स्पंजापासून बघ. रंध्रीय प्राणी. त्याला तोंड नाहीच, अंगभर हजारो बारीक भोकं. तिथून पाणी आत, वरच्या एका मोठ्या दारातून बाहेर. ना डावं-उजवं, ना पोट, ना नस. आतल्या पेशींना बारीक चाबूक असतात, ते हलत राहतात म्हणून पाणी वाहतं आणि त्यातले कण गाळून खाल्ले जातात. बहुतेक सगळे समुद्रात राहतात, पण गोड्या पाण्यातही थोडे असतात. मुंबईत १८४०च्या दशकात हेन्री कार्टर नावाचा एक सर्जन तिथल्या तलावांतले स्पंज काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचा. तळं आटलं की हा स्पंज मरतो, पण मरण्याआधी जाड कवचाच्या बारीक गोळ्या मागे ठेवतो. त्या उन्हाळाभर सुक्या पडून राहतात आणि पाणी आलं की त्यांतून पुन्हा स्पंज. आपला मे महिना ज्यानं काढलाय त्याला ह्या गोळ्यांचं मोल सांगायला नको.

मग हायड्रा, जेलीफिश, पोवळी. निडारिया. एकच दार. तेच तोंड, तेच शी करायची जागा. हसू नकोस, परीक्षेत 'एकच छिद्र' असं सभ्यपणे लिही. शरीर छत्रीसारखं किंवा फुलासारखं, कुठूनही उभं कापलं तरी सारखंच. आणि दंशपेशी. प्रत्येक पेशीत एक गुंडाळलेला बारीक भाला, स्पर्श झाला की सुटतो. तुम्हाला जेलीफिश म्हणजे समुद्रच सांगतील. तू सरांना हळूच विचार, आघारकर माहीत आहेत का? शंकर पुरुषोत्तम आघारकर, मालवणचे. १९१२च्या सुमारास सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातलं जेलीफिश सापडलं. ह्या प्रजातीतलं जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होतं. पुढे ते कलकत्त्याला वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुण्याची आघारकर संस्था त्यांच्याच नावाची. लामार्क झाडांतून किड्यांत आला, आघारकर जेलीफिशकडून झाडांत गेले. मुद्दा काय, तर एकाच रुळावरून गाडी न्यायची असा कुठे सरकारी आदेश नाही.

चपट्या कृमींचं थोडक्यात उरकते. इथे पहिल्यांदा डोकं आणि शेपूट, डावं आणि उजवं आलं. पण दार अजून एकच. आणि पट्टकृमी इतका आळशी, की त्यानं तेही बंद केलं. आपल्या आतड्यात पचलेल्या अन्नात डुंबत राहायचं आणि कातडीतून शोषायचं, तोंडाचं काय काम? डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली तर अळी मेंदूतही जाऊन बसते, आणि मग फिट येतात. कोथिंबीर तीन पाण्यांनी धुवायला आई ओरडते ती उगाच नाही.

गोलकृमीला मात्र दोन दारं. एका बाजूनं खायचं, दुसऱ्या बाजूनं टाकायचं. सरळ नळी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ह्यानंतरचे बहुतेक सगळे प्राणी, तू आणि मी धरून, ह्याच नळीचे अवतार. ह्या संघाशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही, एका रात्री झाली.

एमएस्सी झाल्यावर नोकरी नव्हती. मैत्रीण हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात प्रयोगशाळेचं काम करायची, तिच्यासोबत मी एका रात्री वस्तीत गेले. पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यात हत्तीपाय जुना पाहुणा आहे. आम्ही रात्री दहानंतर दारं वाजवत होतो आणि लोक वैतागत होते. "दिवसा काऊन येत नाही वो बाई?" एका आजीनं विचारलं. खरंच, का नाही? कारण ह्या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्रीच कातडीजवळच्या रक्तात उतरतात. ज्या मच्छरात बसून त्यांना दुसऱ्या घरी जायचंय, तो क्यूलेक्स मच्छर रात्रीच चावतो. बसची वेळ बघून स्टँडवर येतात म्हण ना! बोटाला टोचून रक्ताचे थेंब काचेवर घेतले. मैत्रिणीनं एक ओला थेंब मला भिंगाखाली दाखवला. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक पारदर्शक धागा वळवळत होता, आजूबाजूच्या पेशींना ढुशा देत. ज्या माणसाचा तो थेंब, तो बाजूला विडी ओढत उभा होता. पाय एकदम चांगले, काहीच त्रास नाही. मोठे कृमी त्याच्या लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहू शकतात, सुतासारखे बारीक. मादी आठदहा सेंटिमीटर लांब. मोजपट्टीवर बघ, तुझ्या मधल्या बोटाएवढी.

त्या रात्री घरी येऊन मी गोलकृमीचं पान पुन्हा वाचलं. 'शरीर अखंडित, दंडाकृती, क्यूटिकलचं आवरण.' एक ओळ. त्या ओळीत तो विडीवाला नव्हता, आजी नव्हती, मच्छरही नव्हता. तेव्हापासून गोळ्यावाल्या ताई दरवर्षी घरी येतात तेव्हा मी त्यांच्यासमोरच गोळी गिळते. तूही गिळत जा. मागच्या वेळी खिशात टाकलीस, मी पाहिलंय.

आता गांडूळ, आपलं जुनं दुखणं. वलयी प्राणी. ह्यात एक गोष्ट तुला करायलाच लावणार आहे. अंगणातलं एक धर, धुऊन कोरड्या पुड्याच्या कागदावर ठेव आणि कान जवळ ने. खर्र खर्र असा अगदी बारीक आवाज येतो. हाताला बुळबुळीत लागणाऱ्या त्या अंगावर बहुतेक वलयांत बारीक काटे असतात, ते कागदावर घासतात. पुढचे काटे रोवायचे, मागचं अंग ओढून घ्यायचं, मग मागचे रोवून पुढचं लांबवायचं. कणा नाही, पण आतल्या पोकळीत भरलेल्या पाण्याच्या दाबावर स्नायू टेकतात. पाणी हाच त्याचा कणा. मग त्याला परत ओल्या मातीत सोड, कागदावर विसरू नकोस. माझा नापास झालेला प्रश्न तुझ्या घरात घडायला नको.

गांडूळ नर आणि मादी दोन्ही असतं, तरी बहुतेकांना जोडीदार लागतो. डार्विननं शेवटचं पुस्तक १८८१ साली ह्यांच्यावरच लिहिलं, आणि ज्याच्यावरून जगभर वाद पेटला त्या माणसानं म्हातारपणी गांडुळांचं काम मोजावं, हे मला फार लोभस वाटतं. जळू ह्यांचीच बहीण. ती चावली तर कळत नाही आणि रक्त थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. आयुर्वेदाच्या दवाखान्यात अजून लावतात.

हुश्श. आता येतो मोठा संघ. खरं सांगू, परीक्षेत बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हा विसरू नकोस. संधिपाद. एकट्या कीटकांच्याच दहा लाखांवर जाती नोंदल्या गेल्यात.

परवा मारबतीची मिरवणूक पाहिलीस ना? गर्दीत मला तुझा फोटो पाठवलास, मागे पिवळ्या मारबतीचा पुतळा. लोक काय ओरडत होते आठव. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, आणि सोबत ढेकूण नि मच्छरही घेऊन जा. शंभरावर वर्षं आपलं नागपूर दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संधिपादांना नावं घेऊन हद्दपार करतंय आणि ते दरवर्षी परत येतात. का येतात त्याचं उत्तर त्यांच्या अंगात आहे. हाडं आत नाहीत, बाहेर. कायटिनचं चिलखत, हलकं, पाणी न सुटणारं, सांध्यासांध्यांवर वाकणारं. ह्या चिलखतामुळे ते पाण्याबाहेर पडले, उडाले, आपल्या गादीच्या शिवणीत शिरले. पण चिलखत वाढत नाही. म्हणून वाढायचं तर ते फोडून बाहेर यायचं आणि नवं कडक होईपर्यंत लपून बसायचं. लहानपणी गॅसच्या टाकीमागे तुला पांढरंफटक झुरळ दिसलं होतं आणि तू "भूत, भूत" करत अंगणात पळाली होतीस. ते भूत नव्हतं, नुकतंच कात टाकलेलं झुरळ होतं. तासाभरात रंग धरायला लागलं असतं, तेवढ्यात आबाजींनी चप्पल मारली.

आणि झुरळाचं रक्त लाल का नसतं, हे नक्की विचारतात. आपलं रक्त प्राणवायू वाहतं म्हणून त्यात लाल द्रव्य लागतं. कीटकांच्या अंगात हवेच्या नळ्यांचं जाळं थेट पेशीपर्यंत गेलेलं असतं, रक्ताला ते ओझं नाहीच. बघ, एका 'का'तून श्वसन आणि रक्ताभिसरण अशा दोन चौकटी भरल्या.

पाय मोजायची सवय लाव. सहा असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी, विंचू, गोचीड. मृगाचा पाऊस पडला की मातीवर मखमलीचे लाल थेंब चालायला लागतात, तो मृगाचा किडा. आपण त्याला काडेपेटीत ठेवायचो. पाय मोजलेस कधी? आठ. नाव किडा, पण कुळ कोळ्याचं. गोमीला दर वलयाला पायांची एक जोडी आणि ती चावते. अंगाचा पैसा करून बसणाऱ्या वाणीला बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या आणि ती बिचारी चावत नाही. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या. झालं.

माझं पोट सध्या एका सहा पायांच्या जिवावर चाललंय, हे तुला माहीत आहेच. शेंदरी बोंडअळी. मोठीआई विचारते "नेमकं काय करतेस गं तू?" तेव्हा मी "कापसाचं काम" म्हणून विषय बदलते. तुला खरं सांगते. सकाळी सहाला हिंगणघाटकडच्या शेतांत जाते आणि रात्री कामगंध सापळ्यात पडलेले करड्या रंगाचे पतंग मोजते. सापळ्यात मादीच्या वासाची नक्कल केलेली छोटी गोळी असते, त्यामुळे आत पडतात ते सगळे नर. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की शेतकऱ्याला सावध करायचं. ही अळी फुलात शिरते तेव्हा पाकळ्या आतून शिवून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. मग ती बोंडात जाते आणि आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड गुटगुटीत. फोडल्यावर कळतं.

२००२ साली बीटी कापूस आला तो बोंडअळ्यांवर औषध अंगातच घेऊन. काही वर्षं चाललं. मग ह्या एका अळीनं ते विष पचवायला शिकून घेतलं, आणि २०१७च्या हंगामात आपल्या विदर्भात बोंडंच्या बोंडं पोकळ निघाली. कसं शिकली? तुला पुढच्या सत्रात उत्क्रांती आहे, ती ह्या बोंडात बघ. लाखो अळ्यांत ज्या थोड्या वाचल्या त्यांचीच पिल्लं, पुन्हा त्यातली वाचलेली, पुन्हा त्यांची पिल्लं. त्यात फरदड घ्यायची सवय, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पीक उभं ठेवायचं. अळीला उन्हाळ्यापर्यंत घरपोच डबा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची माणसं कधीची सांगताहेत, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका. सांगणं सोपं गं. दोन वेचण्यांचे पैसे ज्याला सोडायचे असतात त्याच्या बांधावर उभं राहून सांगायला जीभ जड होते. मला हे काम आवडतं का? बहुतेक दिवस, हव.

मृदुकायांसाठी तुला शहरातच फिरवते. मऊ अंग, स्नायूंचा एक पाय, पाठीवर चुन्याचं घर, आणि बऱ्याच जणांच्या तोंडात किसणीसारखी जीभ. गोगलगाय, शिंपला, आणि घर सोडून दिलेला हुशार ऑक्टोपस. गोगलगायीनं पान खाल्लं की कडा कशा खरवडल्यासारख्या दिसतात बघ, ती किसणी. २०२२ साली लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं ह्यांनी रातोरात साफ केली होती.

पण खरी गोष्ट टाकळीची. आपली पोलीस लाईन टाकळी. स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे, तो मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. शाळा काढली, गोंडांच्या गोष्टी गोळा केल्या, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडत हिंडला. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्हा. एक लाव्हा वाहून थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, तळ्यात गोगलगायी, शिंपल्यातले इवले जीव, काठावर भुंगे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यांचा गाळ दोन लाव्हांच्या मध्ये सांजोरीतल्या सारणासारखा दाबला गेला. हिस्लॉपनं टाकळीच्या त्या थरातून फळं, बिया, गोगलगायी आणि भुंग्यांचे कडक पंखसुद्धा काढले. १८६० साली लंडनला त्यावर लेख छापून आले. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटच्या दगडांच्या वर्तुळांचं उत्खनन पाहून परत येताना, बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. टाकळी आणि टाकळघाट, ह्यांची गल्लत करू नकोस, मी करायची.

त्या थरातली सगळ्यात गाजलेली गोगलगाय, फायसा, डावखुरी. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरायचा. दार उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. बहुतेक सगळे शंख उजवे, फायसा मात्र डावी. गंमत म्हणजे, आईच्या देवघरात जो 'दक्षिणावर्ती' शंख असावा म्हणून ती हट्ट धरून बसलीय, त्याला प्राणिशास्त्रवाले डावाच म्हणतात. आपले लोक शंख दुसऱ्या टोकानं धरून बघतात एवढंच. आईला हे सांगू नकोस, दुकानदाराशी भांडत बसेल.

राहिले कंटकचर्मी, तारामासा वगैरे. ते फक्त समुद्रात, आणि समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर. पाच हातांचं शरीर, चुन्याचे काटे, आणि पाण्याच्या दाबावर चालणारे शेकडो नळीपाय. हे तुला बाटलीतच बघावे लागतील. एवढं मात्र लक्षात ठेव, गर्भात पडणारं पहिलं भोक ह्यांच्यात आणि आपल्यात तोंड होत नाही, गुदद्वार होतं. म्हणजे मुंगीपेक्षा हा तारामासा तुझा जवळचा नातलग. मोठीआईला सांग हवं तर.

रविवारी मी घरी येते. संध्याकाळी अजब बंगल्याच्या संग्रहालयात जाऊ, मग सीताबर्डीला काहीतरी खाऊ. आणि तोवर एक काम कर. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या स्वेटरांमागे, बुटांचा खोका आहे. त्यात वाळक्या काडीला देठानं लटकलेला एक कोसा आहे, टसर रेशमाच्या किड्याचं घर, कोंबडीच्या अंड्याएवढा, दगडासारखा टणक. आरमोरीकडच्या ढिवर काकांनी मला दिला. ते लोक येनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सांभाळतात आणि पाखरं येऊ नयेत म्हणून दिवसभर राखण करतात. हा त्यांनी बियाण्यासाठी ठेवलेल्यातला, उकळलेला नाही. आत जीव आहे. कानाजवळ हलवून बघ, आतल्या कोशाचा टक असा आवाज येईल. एकदाच हलव.

खोक्याचं झाकण काढून ठेव. काडी खिडकीच्या गजाला बांध, म्हणजे बाहेर आल्यावर पतंगाला लटकायला जागा होईल. लटकता आलं नाही तर पंख चुरगळलेलेच राहतात. ह्या आठ-पंधरा दिवसांत एखाद्या संध्याकाळी देठाकडचं टोक ओलं झालेलं दिसेल. ती त्याचीच लाळ, त्यानं रेशीम सैल करून तो वाट काढतो. दिवा लावू नकोस, हात लावू नकोस, नुसती बसून राहा. मिशा पिसासारख्या रुंद असतील तर नर. खायला काही ठेवू नकोस, त्याला खायचं तोंडच नाही.

आणि आईनं विचारलं तर सांग, ताईचं प्रॅक्टिकल आहे.